अत्तरवाला आणि घोरपडीचं पिल्लू

फार मागची गोष्ट. डोंगराच्या पोटाशी, धुक्यात अर्धं बुडालेलं एक गाव होतं. ओढ्याला केवड्याचं बन, कुंपणांना मोगरा आणि मधोमध एका अत्तरवाल्याची भट्टी. भट्टी पेटली की सारं गाव वासात तरंगायचं. मधमाश्या घरची वाट चुकायच्या. गाई रवंथ करता करता डोळे मिटायच्या. दुपारी डुलकी लागली, की ज्या फुलाचा वास त्याच फुलाचं स्वप्न अख्ख्या गावाला पडायचं.

अत्तरवाला मात्र एकटा. लोक यायचे, मनगट पुढे करायचे, हुंगायचे आणि चालू लागायचे. तो "बसा" म्हणेपर्यंत माणूस पायऱ्या उतरलेला असायचा.

एका पावसाळ्यात भट्टीमागचं वारूळ खचलं आणि त्यातून घोरपडीचं पिल्लू बाहेर पडलं. वीतभर लांब, अंगावर पिवळे ठिपके, जीभ सारखी आत-बाहेर. अत्तरवाल्यानं फुटक्या माठात पाला घातला, त्यात त्याला ठेवलं आणि मनाशी म्हणाला, 'हे तरी माझ्यासाठी येईल.'

आणि मग त्यानं वेडेपणा सुरू केला. पहिल्या दिवशी कानात गुलाबाचा फाया खोचून, केशर घातलेला शिरा घेऊन गेला. घोरपड कधी शिरा खाते का? पिल्लू माठाच्या तळाशी जाऊन बसलं. दुसऱ्या दिवशी वाळ्याचं अत्तर लावून अंडं फोडून नेलं. पिल्लानं जीभ काढली, हवा चाखली आणि फुस्स केलं. तिसऱ्या दिवशी मोगरा, चौथ्या दिवशी हिना. नवा सदरा, नवा सुगंध. पाचव्या दिवशी त्यानं बोटावर अंड्याचा बलक घेऊन पिल्लाच्या तोंडाशीच धरला. पिल्लानं बोटच धरलं. रक्त आलं.

"कृतघ्न कुठलं!" अत्तरवाला ओरडला. पण सातव्या दिवशी पिल्लाची शेपूट सुतळीसारखी बारीक झालेली दिसली, तेव्हा त्याचा राग कुठल्या कुठे गेला. तो घाबरला. पिल्लू मरत होतं.

डोंगरावर मध काढणारी एक म्हातारी भट्टीवरून चालली होती. त्यानं तिला हाक मारली. "आजी, जरा बघता का? काही खात नाही हो हे."

म्हातारीनं माठात डोकावलं, मग अत्तरवाल्याला वरपासून खालपर्यंत हुंगलं आणि नाक धरलं.

"खाईल कसं? रोज परका माणूस येतोय त्याच्याकडं."

"परका कुठला, आजी? रोज मीच येतो की!"

"तुझ्या डोळ्याला तू. ते जिभेनं ओळखतं, बाबा. कधी मोगरा आला, कधी हिना आला. तू आलास कधी?"

अत्तरवाल्यानं आपलंच मनगट हुंगून पाहिलं.

"अत्तर न लागलेला, घामाचा जुना सदरा माठात टाक," म्हातारी म्हणाली. "माठ उन्हात ठेव. ऊन मिळाल्याशिवाय त्याला घास पचायचा नाही. वाटीत नाकतोडे ठेव, गोगलगायी ठेव, अंडं अधूनमधून. बोटानं भरवू नकोस, बोट म्हणजेच घास असं समजतं ते. वाटी ठेवायची आणि गप बसून राहायचं. अत्तराला शिवायचं नाही. पंधरा दिवस."

"पंधरा दिवस? आजी, केवडा आत्ताच फुललाय! आत्ता भट्टी लावली नाही तर वर्षभर केवडा नाही. पाटलांच्या लेकीचं लग्न आहे."

"मग लाव की भट्टी. मी कुठं हात धरलाय?" असं म्हणून म्हातारी धुक्यात निघून गेली.

अत्तरवाला ओट्यावर बसला. बनातून केवड्याचा वास लाटेसारखा येत होता. त्यानं एकदा भट्टीकडं पाहिलं, एकदा त्या सुतळीएवढ्या शेपटीकडं. मग उठला आणि भट्टीतली लाकडं बाहेर ओढून काढली.

सदरा माठात गेला. रोज ऊन पडलं की अत्तरवाला माठ अंगणात आडवा ठेवायचा, वाटीत नाकतोडे ठेवायचा आणि हातभर लांब उघड्या अंगानं बसायचा. येणारेजाणारे चेष्टा करायचे. "काय हो, अत्तरवाल्याला घामाचा वास यायला लागला!" कुणी म्हणे, "नाकतोड्यांचं अत्तर काढताय होय?" तो बोलायचा नाही. ढग डोंगरावरून उतरायचे, अंगणातून जायचे, परत वर चढायचे. बनातला केवडा पिकला, वाळला, गळला. बसून बसून अत्तरवाल्याला वाटायचं, आपणही त्या ढगांतलेच आहोत.

चौथ्या दिवशी वाटी रिकामी झाली. नवव्या दिवशी पिल्लानं माठाबाहेर येऊन, त्याच्यासमोरच गोगलगाय कटकन फोडून खाल्ली. बाराव्या दिवशी त्याच्या अंगठ्याला जीभ लावली आणि पळालं नाही.

सोळाव्या दिवशी पाटलीणबाई तणतणत आल्या. "अहो अत्तरवाले, केवडा कुठंय आमचा?"

"नाही काढला."

"नाही काढला म्हणजे? लग्न तोंडावर आलंय! आणि पंधरा दिवस केलंत तरी काय?"

"बसलो होतो."

"बसला होता? अहो, उठा तरी आता! माणूस दारात आलंय, उठून बोलायची रीत आहे की नाही?"

"बाई, हळू बोला," अत्तरवाला पुटपुटला. "उठता येत नाही."

पाटलीणबाईंनी नीट पाहिलं. त्याच्या मांडीवर, ऊन खाऊन तट्ट फुगलेलं पिल्लू चारी पाय पसरून झोपलं होतं. मग त्या पदर सावरून पायरीवर टेकल्या.

तात्पर्य काय, तर ज्याला आपलंसं करायचं त्याच्यापुढं रोज नवं सोंग घेऊन जाऊ नका. जसे आहात तसेच जा, रोज जा आणि गप बसा. ओळख पटायला जेवढे दिवस लागायचे तेवढे लागतातच.