हिरवी चौकट

गुरुवार, संध्याकाळचे सव्वासहा. नदीकाठचा आश्रम, पुढची ओसरी.

"मग जो मुद्दा कोणी खोडलाच नाही, तो खरा का मानू नये, माई?"

विश्राम खोडके तिसऱ्यांदा विचारत होता. दमयंतीमाई गप्प. दर गुरुवारी दिवेलागणीपर्यंत त्यांचं मौन असे. एकेकाळी कॉलेजात त्याला तर्कशास्त्र त्यांनीच शिकवलं होतं.

मौनाला न जुमानता तो सांगत राहिला. पलीकडच्या तीरावरची वाडी खाणीसाठी उठवायची का, यावर उद्या अकराला समिती बसणार होती. दोन्हीकडचे मुद्दे त्याने घडवलेल्या यंत्रात जात आणि एकमेकांवर तुटून पडत. मुदतीत ज्याला उत्तर येत नाही तो टिकतो, त्याची चौकट हिरवी होते.

'वाडीची हरकत नाही' ही चौकट हिरवीगार होती. खाली कचेरीचा शेरा: चार जुलै, त्रेसष्ट घरांना घरोघरी जाऊन नोटीस बजावली. एकाही घराचं उत्तर नव्हतं. समितीने आता फक्त सही करायची.

"माणूस चिरीमिरी खातो, माई. हे खात नाही."

...

माईंनी त्याचा लॅपटॉप ओढून घेतला. एका बोटाने अक्षरं शोधत यंत्रात नवा मुद्दा लिहिला: विश्राम खोडके मेला आहे.

"वा! थेट घरावरच धाड?" तो हसला. दाखवण्यापुरती त्याने मुदत एका मिनिटाची ठेवली होती. उत्तर द्यायला तो वाकला.

माईंनी एका हाताने त्याची बोटं धरली. दुसरा तळवा त्याच्या तोंडावर ठेवला.

ऐंशी वर्षांचे हात. सहज सोडवता आले असते. पण हे हात त्याने जन्मात कधी झिडकारले नव्हते.

चाळीस सेकंद. तीस.

आपण जिवंत आहोत हे त्याला ठाऊक होतं. माईंनाही ठाऊक होतं. पडद्याला कोण सांगणार...

दहा.

चौकट हिरवी झाली.

हात निघाले. त्याने ती ओळ पुसून पाहिली. एकदा ठरलेलं पुन्हा उघडत नव्हतं. नियम त्याचाच होता.

पलीकडे वाडीतल्या चुलींचा धूर वर चढत होता. मध्ये तांबडं, फुगलेलं पाणी. वाडीला जायची एकच वाट, तो लाकडी साकव. त्याचे दोन खांब तेवढे उभे होते.

"माई, त्यांचं उत्तर आलं नाही, म्हणजे..."

माईंनी उठून समई लावली. मौन सुटलं.

"साकव सव्वीस जूनला वाहून गेला. चार जुलैला पलीकडे कोण गेलं होतं?"