धुराची साक्ष

“सनद जप्त! अर्धी मिशी साफ! आणि गाढवावर बसवून पेठेतून वरात!”

एवढं बोलून ढवळगडच्या गजेंद्रराजांना खोकल्याची उबळ आली. समोर सुभाना धुरीवाला हात जोडून उभा होता. ढेकूण, झुरळं, धान्यातले सोंडे यांना गंधकाची धुरी देऊन मारायची सरकारी सनद गडावर त्याच्या एकट्याकडे होती. चाळीस वर्षं त्याने आपली सनद आणि आपली मिशी जिवापाड जपली होती. आज दोन्ही एकदम जायला निघाल्या होत्या.

“पण सरकार, माझा गुन्हा काय?”

“काल तू कोठाराला धुरी दिलीस, पण फटी नीट लिंपल्या नाहीस! आम्ही आपले ओसरीवरून चाललो होतो, तर धूर बाहेर येऊन थेट आमच्या घशात शिरला!”

सुभानाच्या मागून त्याची सून गोजरा पुढे आली. नवरा गेल्यापासून तीच सासऱ्याबरोबर धुपाटणं घेऊन हिंडायची. कोठाराच्या फटी तिनेच शेणामातीने लिंपल्या होत्या आणि दारावर कडुनिंबाची डहाळीही टांगली होती. डहाळी दिसली की दाराला हात लावायचा नाही, हे गडावर शेंबडं पोरही जाणत होतं.

“महाराज, त्या फटींतून मुंगी जाणार नाही, धूर कुठला जातोय! धूर बाहेर आला नाही. कोणीतरी आत गेलं!”

कोतवाल स्वतःच्या अंगठ्याकडे बघू लागला, दिवाणजी छताकडे. महाराजांच्या तोंडाकडे मात्र कोणीच बघेना. गोजराला नवल वाटलं. येताना देवडीवरचा मोठा आरसाही तिने भिंतीकडे तोंड करून ठेवलेला पाहिला होता, शिक्षा झालेल्या पोरासारखा. मग तिने महाराजांकडे नीट पाहिलं आणि चटकन पदर तोंडाला लावला.

“आत गेलं म्हणतेस, तर साक्षीदार आहे?” महाराज गरजले.

“आहे की! खुद्द धूर!”

“मग आण त्याला दरबारात! त्याने साक्ष दिली तर तुझ्या सासऱ्याला सोडतो. नाही दिली, तर पुरी मिशी काढतो आणि गाढवाचं भाडंही त्याच्याकडूनच घेतो!”

“गप बस गं पोरी,” सुभाना कुजबुजला. “निदान अर्धी तरी राहू दे!”

“मामंजी, तुम्ही मिशीवर हात ठेवून उभे राहा. महाराज, आधी ती सनद एकदा वाचायला सांगा.”

दिवाणजींनी वाचली. “धुरीवाल्याने हयगय केल्यास त्याची अर्धी मिशी जाईल. डहाळी उतरण्याआधी जो कोणी दार उघडील, त्याचीही अर्धी मिशी जाईल, मग तो कोणीही असो.”

“खाली शिक्का कोणाचा?”

“आमचा!” महाराजांनी छाती फुगवली. “कायदा म्हणजे कायदा!”

“मग आरसा मागवा.”

“आरसा फुटला!” पाच जण एकदम ओरडले.

“गडावरचे सगळे?” महाराजांनी विचारलं.

“सगळे! भूकंप झाला, सरकार,” शाही न्हावी चाचरत म्हणाला.

गोजरा थेट देवडीवर गेली. दोन भालदारांना हाताशी धरून तिने आरसा आणला आणि सिंहासनासमोर उभा केला.

“घ्या महाराज. धूर हजर आहे!”

महाराजांनी पाहिलं. डावीकडची मिशी कलपाने काळीकुळकुळीत होती. उजवीकडची बगळ्यासारखी पांढरीशुभ्र!

“ही... ही कोणाची मिशी?”

“तुमचीच! कोंडलेल्या गंधकाच्या धुरात कलप उडतो. तेवढा धूर ओसरीवर आला असता, तर तुमच्यामागून चालणाऱ्या या भालदारांच्या पागोट्यांचाही रंग उडाला असता. ती बघा, डाळिंबासारखी लालबुंद आहेत!”

“मग आमची डावी बाजू काळी कशी राहिली?” महाराज हट्टाला पेटले.

“मिशीला त्या बाजूने अजून बुंदी चिकटलीय, महाराज. तिथे धुराच्या आड लाडू आला!”

“लाडू!” चिकाच्या पडद्याआडून राणीसाहेब कडाडल्या. वैद्यांनी महाराजांचं गोड बंद केल्यापासून त्यांनी बुंदीच्या लाडवांची बरणी कोठारात लपवली होती. “तरीच आज बरणीचं फडकं उलटं बांधलेलं होतं!”

महाराज सिंहासनात खाली खाली सरकले. पण हट्ट तो हट्टच!

“बरं, उघडलं आम्ही दार! आता आमच्या मिशीला जो वस्तरा लावील, त्याचं डोकं उडवू. आणि कोणी नाही लावला, तर आमचाच शिक्का खोटा पडेल! यातून सोडव आम्हाला. नाहीतर तुझ्या सासऱ्याची मिशी गेलीच म्हणून समज!”

न्हाव्याने वस्तरा हळूच दिवाणजींच्या खिशात सरकवला. गोजरा मात्र हसली.

“वस्तरा कशाला हवा, महाराज? तुम्ही दार उघडलंत आणि धुराने तिथल्या तिथे तुमची अर्धी मिशी नेली. शिक्षा कालच होऊन गेली! साक्षीदारही तोच आणि न्हावीही तोच!”

महाराजांनी आरशात एकदा डावा गाल पुढे करून पाहिलं, एकदा उजवा. मग ते असे हसत सुटले की हसता हसता खोकले आणि खोकता खोकता पुन्हा हसले! सकाळपासून गाल आवळून बसलेला दरबारही फुटला.

सनद परत मिळाली. तिच्यावर सुभानाच्या नावाशेजारी महाराजांनी स्वतःच्या हाताने गोजराचं नाव घातलं आणि वर पैठणी दिली. राणीसाहेबांनी लाडवांची अख्खी बरणी तिच्या ओटीत ठेवली.

“अगं, एक तरी ठेव!” महाराज कळवळून म्हणाले.

“ठेवते की, महाराज! कोठारातच ठेवते. आणि उद्या तिथे पुन्हा धुरी आहे!”