नदीचं वळण

माझ्या काठी एकही चूल पेटली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. मी तरुण नदी होते आणि भलतीच गर्विष्ठ. सरळ समुद्र गाठायचा, वाटेत कुणापुढे वाकायचं नाही, असं डोंगराला ठणकावूनच निघाले होते.

पुढ्यात एक काळा खडक आला. "बाजूला हो," मी म्हणाले.

"मला हलता येत नाही, बाई. तूच बघ काय ते," तो म्हणाला.

शंभर पावसाळे मी त्याला धडका दिल्या. तो गुळगुळीत झाला, एवढंच. शेवटी दमून मी मुकाट वळले. माझी चाल मंदावली आणि वळणावर चिकणमाती साठत गेली.

त्या मातीपाशी सगुणा कुंभारीण राहिली. तिने चाक मांडलं, मागोमाग गाव वसलं. एकदा माझी ओटी भरताना बायका म्हणाल्या, "आपल्यासाठीच आई इथं वळली!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घागर बुडवायला आलेल्या सगुणेला मी खरं काय ते सांगून टाकलं.

ती पोट धरून हसली. "अगं, मलाही पुढच्या मुलखात जायचं होतं. माझं गाढव इथं बसलं, ते उठलंच नाही. लोकांना मात्र सांगते, देवीचा दृष्टांत झाला!"