हुकुमाचा दगड

सात डोंगर ओलांडले की पूर्वी एक लहानसं राज्य लागायचं आणि तिथे एक राजा राहायचा. स्वभावाने इतका मऊ, की दारी आलेला माणूस तोंड पाडून परत गेला तर याला जेवण गोड लागत नसे. चांगलाच गुण म्हणायचा. पण राजाच जर प्रत्येकाला हसत घरी पाठवू लागला तर काय होतं, त्याची ही हकिकत.

त्या राज्यात एक रीत होती. राजाने नवा हुकूम काढला की चावडीसमोर खड्डा खणून एक उंच दगड रोवायचा आणि त्याला शेंदूर फासायचा. दगड उभा आहे तोवर हुकूम लागू. राजाच्या आजोबांच्या काळातले दगड असे पक्के बसले होते, की म्हाताऱ्या त्यांना पाठ टेकून ऊन खात आणि सणावाराला बायका त्यांच्यापुढे दिवाही लावत.

एके दिवशी विणकर आळीतली एक बाई दहा-बारा जणींना घेऊन दरबारात आली. तिचा नवरा नावाजलेला विणकर. पण दारूपायी त्याने माग सोडला, म्हणून ती लेकीला घेऊन माहेरी जाऊन राहिली होती.

"महाराज, दारू बंद करा असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "बंद केली तर चोरून पितील. पण आपल्याकडे ताकाच्या लोट्यापेक्षा दारूचा लोटा स्वस्त आहे. लेकराला ताक परवडत नाही आणि बापाला दारू परवडते, हे बरं दिसतं का?"

राजाला ते लागलं. धाकटा प्रधान तेवढ्यात उठला. "महाराज, दारूला एक भाव बांधून द्यावा. त्याच्याखाली कुणीही विकायची नाही. ज्याला प्यायची तो पिईल, पण सकाळपासून झिंगणं काही परवडायचं नाही."

"झालं तर मग! कायमचा हुकूम!" राजा म्हणाला. बायका हसत घरी गेल्या आणि राजा दोन घास जास्त जेवला.

दगड रोवला गेला. बाईने माहेरी गाठोडं बांधायला घेतलं, तसा बाप म्हणाला, "पोरी, तुझ्या नवऱ्याचा काय भरवसा?"

"त्यांचा नाहीच, बाबा. राजाच्या शब्दाचा भरवसा धरून चाललेय."

आणि खरंच घडी बसली की! महाग दारू रोज कोण पिणार? विणकर संध्याकाळी गुत्त्यावर जाई, भाव ऐकून शिव्या घाली आणि एक लोटा पिऊन घरी येई. सकाळी उजाडताच माग सुरू. लेक बापाला सुताची रिळं भरून देऊ लागली.

पण दरबारातला थोरला प्रधान गप्प बसणारा नव्हता. तो गुत्तेवाल्यांना घेऊन राजापुढे आला. "महाराज, दारूवरचा कर बुडाला, खजिना आटत चाललाय. शिवाय सावकार महागातली पीत होताच, त्याला काय झळ बसली? मार बसला तो हमालाला. दिवसभर ओझी वाहून त्या बिचाऱ्याने एक घोट घ्यायचा नाही?"

हेही काही खोटं नव्हतं. त्यात गुत्तेवाल्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झालेली. राजाला ती बघवेनात. "तुमचंही बरोबर आहे," तो म्हणाला. आणि दगड उपटला गेला. शेंदूर अजून बोटाला लागत होता.

मग धाकटा प्रधान रुसला. राजाने दगड पुन्हा रोवला, पण थोरल्याला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं, की हुकूम येत्या पौर्णिमेपासून लागू होईल. घ्या! स्वस्त दारूचे शेवटचे दिवस म्हणून सगळं गाव गुत्त्यावर लोटलं. घराघरांत घागरी भरून ठेवल्या गेल्या. त्या रिकाम्याही व्हायच्या होत्या, तोच पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दगड पुन्हा निघाला. गुत्तेवाले ओरडू लागले, "आज लुटा, उद्या महाग!" आणि लोकही कधी नव्हे एवढं पिऊ लागले.

दरबार तर उभा चिरला. धाकट्याच्या बाजूची मंडळी थोरल्याच्या बाजूच्यांकडे हळदीकुंकवालाही जाईनात. राजा सकाळी एकाला होकार देई आणि दुपारी दुसऱ्याला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली. तरी मनात तो स्वतःवर खूश होता. आपण कुणालाच दुखवत नाही, असं त्याला वाटे.

प्रजा आपल्याला काय म्हणते, ते ऐकायची त्याला हौस आली. साधे कपडे घालून, मुंडासं बांधून तो एकटाच चावडीवर गेला. दगड कालच उपटला होता. खड्डा तसाच उघडा आणि पहार बाजूच्या भिंतीला टेकवलेली.

"खड्डा बुजवला नाही?" राजाने तिथल्या गड्याला विचारलं.

"बुजवून काय करू, पाव्हणं? सांजच्याला परत खणायचा मलाच हाय!"

सगळे खो-खो हसले. सवयीने राजाही हसला. मग आपण कशाला हसलो ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो तिथून झपाझप निघाला तो विणकर आळीत शिरला.

नावाजलेल्या विणकराचं घर त्याने विचारून काढलं. विणकर मागावर बसला होता. त्या दिवशी तो प्यायलेला नव्हता. तुटलेला धागा सांधायचा होता, पण दोन्ही हात लटलट कापत होते आणि धाग्याची टोकं एकमेकांना लागत नव्हती. लेक शेजारी उभी राहून बघत होती. बाई कोपऱ्यात गाठोडं बांधत होती.

"कुठे निघालात, ताई?" मुंडासं पुढे ओढून राजाने दारातून विचारलं.

"माहेरी. दारू महागणार म्हटलं की हे घागरी भरून पितात, आणि स्वस्त झाली की स्वस्त झाली म्हणून पितात. आता न पिता बसलेत तर हात चालत नाहीत. वैद्य म्हणाले, हे आता असेच राहायचे." तिने गाठ आवळली. "दोष यांचा आहेच, मी कुठे नाही म्हणते? पण यांच्या शब्दावर मी आलेच नव्हते. ज्यांच्या शब्दावर आले, त्यांना मी या जगात आहे हेही आठवत नसेल."

तो मीच, असं सांगायला राजाने तोंड उघडलं. पण नजर त्या गाठोड्यावर गेली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. तो उलट पावली दारातून मागे सरला आणि चोरासारखा राजवाड्यात आला.

दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही प्रधानांना समोरासमोर बसवलं. "जे काय बोलायचं ते आताच बोला. दगड रोवण्याआधीच मी हे नीट ऐकायला हवं होतं, ते ऐकलं नाही." सगळं ऐकून घेतल्यावर त्याने भाव पुन्हा बांधला आणि स्वतः पहार हातात घेऊन दगड ठोकून बसवला. गुत्तेवाले तोंड पाडून गेले, त्याने त्यांना जाऊ दिलं. त्यानंतर थोरला प्रधान कितीदा तरी विनवायला आला. राजाने त्याला प्रेमाने बसवलं आणि प्रेमानेच नाही म्हटलं.

काही महिने असे गेल्यावर राजा बाईच्या माहेरी गेला. या वेळी वेष बदलला नव्हता. अंगणात ती सूत सोडवत बसली होती. तिने उठून नमस्कार केला. त्या दिवशी दारात आलेला पाहुणा कोण होता, ते तिला तेव्हा कळलं.

"बाई, भाव आता बांधलेला आहे," राजा म्हणाला. "तुझा नवरा पीत नाही. हात कापतात, पण वाट बघतोय. लेकीला घेऊन घरी जा."

बाईने विचारलं, "हे कधीपर्यंत, महाराज?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. लेकीला घेऊन जायचं की नाही, एवढंच तिला ठरवायचं होतं.

'कायमचं' हा शब्द राजाच्या ओठांवर आला. पण तोच शब्द त्याने तिला पहिल्या दिवशी दिला होता. आता तो पुन्हा उच्चारायची त्याला लाज वाटली. भर उन्हात राजा मान खाली घालून तसाच उभा राहिला.

मग बाई ओसरीकडे वळून म्हणाली, "बाबा, पोरीचं अंथरूण इथेच असू द्या."

तात्पर्य एवढंच: आपल्या शब्दावर कुणाचं घर उभं राहणार असेल, तर शब्द देण्याआधी हवा तेवढा विचार करावा. दिल्यावर मात्र सगळ्यांना खूश करायला निघू नये.