दाराबाहेरचा वाडगा

चीन देशात, नदी जिथे समुद्राला मिळते तिथल्या एका गावात लान नावाची एक विधवा टोफू करून विकत असे. तिचा एकुलता एक मुलगा शेंग मासेमारीला गेला आणि वादळात सापडला. नाव फुटल्याची खबर आली, पण शेंगचं काय झालं ते कुणालाच सांगता येईना. लान आशेवर दिवस ढकलत होती.

त्या मुलखात सातवा महिना भुतांचा मानतात. पाताळाचे दरवाजे उघडतात आणि मेलेली माणसं भुकेली होऊन घराकडे येतात, अशी समजूत. पौर्णिमेला घरोघर पूर्वजांच्या नावाच्या पाट्यांपुढे पान वाढतात. ज्यांच्या मागे कुणीच नाही, त्या बेवारस भुतांसाठी भाताचा एक वाडगा दाराबाहेर ठेवतात. भूत नुसत्या वासानं तृप्त होतं, भात तसाच राहतो. सकाळी तो माशांना घालतात. आणखी एक नियम तिथल्या पोरासोरांनाही पाठ असतो. या महिन्यात पाठीमागून हाक आली तर वळून बघायचं नाही.

लान जात्याच भित्री. नवऱ्याच्या पाटीपुढे ती पान वाढायची, पण बाहेर वाडगा कधी ठेवत नसे. वाडगा ठेवला की भुतांना घर सापडतं, असं तिचं म्हणणं.

शेजारी युएन नावाची वयस्क रंगारीण राहत असे. पौर्णिमेला आपला वाडगा मांडता मांडता ती म्हणाली, "अगं लान, ज्याला घर नाही त्यानं जेवायचं तरी कुठं?"

"कुठंही जेवू दे, ताई. माझ्या दारात नको."

त्या संध्याकाळी लान घाटावरून पाणी घेऊन निघाली. धुकं दाट होतं आणि सगळ्यांनी दारं लावून घेतली होती. तेवढ्यात मागून हाक आली.

"आई."

आवाज घोगरा होता, पण शेंगचाच होता. म्हणजे तो गेला, आणि आता भूत होऊन आला. ती वळली नाही. मागची ओली पावलं फरफटत तिच्या मागोमाग येऊ लागली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगीच नाही. ती जितकी पळे, तितकी ती पावलं तिला जवळ वाटत. हातातली बादली कुठे पडली, तेही तिला कळलं नाही. घरात शिरून तिने अडसर घातला आणि दाराला पाठ लावून बसली.

दारावर थाप पडली. "आई, भूक लागली आहे."

लानने दार उघडलं नाही. थोड्या वेळाने पावलं दूर गेली. आता सुटले असं तिला वाटायला हवं होतं, पण वाटेना. शेंगच्या नावाची पाटी तिने केली नव्हती. केली असती तर तो मेला हे कबूल करावं लागलं असतं. मग हा पोरगा जेवणार कुठे? पाटी नाही, पान नाही, म्हणजे बेवारसच की. भूत झाला तरी माझाच ना तो, आणि मी त्याला उपाशी घालवलं, या विचाराने तिचा जीव तुटला.

तिने नवऱ्याच्या पाटीपुढचा भाताचा वाडगा उचलला आणि अडसर काढला. हात इतके कापत होते की निम्मा भात उंबऱ्यावरच सांडला. युएनच्या पायरीवर धुक्यात कुणीतरी वाकून बसलं होतं. लान डोळे मिटून पुढे सरकली, वाडगा खाली ठेवला आणि मग भीत भीत बघितलं.

युएनचा वाडगा रिकामा होता. त्या माणसाच्या बोटांना भाताची शितं चिकटली होती.

लानने त्याच्या गालाला हात लावला. गाल बर्फासारखा गार होता, पण खाली जबडा हलत होता. शेंग घास गिळून म्हणाला, "या दारात मला कुणी हाक मारली नाही, आई. पण वाढून ठेवलं होतं."

लान त्याला छातीशी धरून खूप रडली. पुढे दर सातव्या महिन्यात गावातला पहिला वाडगा तिच्या दाराबाहेर दिसू लागला. भीती तिची गेली नाही. वाडगा ठेवताना हात अजूनही कापतात.

तात्पर्य: भीतीने लावलेल्या दाराबाहेर आपलंच माणूस उपाशी राहतं, परक्यासाठी काढून ठेवलेला घास मात्र कुणाच्या तरी लेकराला जगवतो.