रायाप्पा पैलवान आणि अडलेला पंप

साल कोणतं ते आता कुणालाच आठवत नाही, पण नदीकाठच्या एका गावात रायाप्पा नावाचा एक पैलवान राहत होता. मान बैलासारखी, दंड खांबासारखे. आजूबाजूच्या पाच गावांच्या जत्रांत त्याची पाठ कुणी मातीला लावली नव्हती.

त्या गावात घरोघरी झेंडू लावायचे. दसरा जवळ आला की सगळा शिवार पिवळाधमक व्हायचा. एवढ्या झेंडूला फवारणीचा पंप मात्र सगळ्या गावात मिळून एकच होता. पितळी पंप, पाठीवर अडकवायचा. एका हातानं दांडा हाणायचा आणि दुसऱ्या हातात नळीची मूठ धरून, तिचा खटका दाबून टोकाच्या तोटीतून फवारायचं. तो पंप भरमूनाना सांभाळत. वापरून झाला की तीनदा स्वच्छ पाणी भरून तिन्ही वेळा नळीतून सोडायचं आणि मगच पंप परत आणायचा, असा त्यांचा सक्त नियम होता.

दसऱ्याला आठ दिवस होते. रायाप्पा आपल्या वावरात निंबोळीचा अर्क फवारत होता, आणि तेवढ्यात शेजारच्या गावातून हलगी कडाडली. कुस्त्या! त्याच्या अंगात वारं शिरलं. पंपाच्या तोंडाशी गाळणी होती, तिच्यातून अर्क थेंबथेंब उतरत होता. त्यानं ती गाळणी उपसून काढली आणि उरलेला अर्क चोथ्यासकट आत ओतला. भराभर फवारणी उरकून गाळणी परत बसवली आणि पंप धावतच नानांच्या दारात नेऊन ठेवला.

"धुतलास का रे?" नानांनी आतून विचारलं.

"तीन पाण्यांनी, नाना!" असं म्हणून रायाप्पा पळालासुद्धा. संध्याकाळी गुलालानं माखून परतताना आपण खोटं बोललो हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

चौथ्या दिवशी दिवस उगवता उगवता त्याची थोरली बहीण धापा टाकत आली. सगळं गाव तिला अक्काच म्हणायचं.

"रायाप्पा, ऊठ! कळ्यांत अळी शिरलीय. दुपारचं वारं फवारा उडवून नेतं, ते सुटायच्या आत मारला नाही तर एक फूल हाती लागायचं नाही!"

रायाप्पा तसाच उठला. नानांकडून पंप उचलला आणि अक्काच्या मळ्यात पोचला. अक्कानं गाळलेला अर्क भरला. रायाप्पानं दांडा हाणला, खटका दाबला. तोटीतून दोन थेंब गळले आणि थांबले!

त्यानं आणखी जोर लावला. जोराची त्याला काय कमी? धाड, धाड, धाड! तोटी कोरडीच राहिली, पण नळीच्या जोडातून चिळकांडी उडाली आणि त्याची पाठ भिजली. एव्हाना बांधावर माणसं जमली होती. सगळ्यांच्याच मळ्यात अळी होती आणि सगळ्यांना पंप हवा होता. कुणीतरी नानांना बोलावून आणलं.

"दांडा जड लागतोय का हलका?" नानांनी विचारलं.

"मला काय जड लागणार, नाना?"

नानांनी स्वतः दांडा मारून पाहिला. "चांगला जड आहे की! म्हणजे दाब धरतोय, आतली वायसरची चकती शाबूत आहे. पुढं कुठंतरी अडलंय." त्यांनी तोटी खोलली. ती स्वच्छ होती. नाना बुचकळ्यात पडले. "अक्का, अर्क नीट गाळला होतास ना?"

"दोन फडक्यांतून गाळला हो, नाना."

"बाईनंच कचरा घातला असणार आत," मागून कुणीतरी पुटपुटलं. "एवढा गावचा पंप, बिघडवून ठेवला!"

अक्काचा चेहरा उतरला. "माझंच काही चुकलं असेल," ती हळूच म्हणाली. "डोळ्यांना आताशा बारीक दिसत नाही."

बांधावरच्या कडुलिंबाचा शेंडा हलू लागला होता. वारं उठत होतं. एक जण विळा घेऊन पुढे आला. "नळी कापून बघू या. काय अडलंय ते दिसेल तरी!"

रायाप्पाला चार दिवसांपूर्वी ओतलेला चोथा आठवला. आखाड्यात समोर केवढाही गडी आला तरी त्याची छाती कधी धडधडली नव्हती. आता ती हलगीसारखी वाजत होती. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? पण अक्का पदरानं डोळे पुसत होती.

"थांबा!" तो एकदम ओरडला. "नळी कापू नका! अक्काचं काही चुकलं नाही. मीच गाळणी काढून चोथा ओतला. आणि नाना, पंप धुतलाच नव्हता मी. खोटं बोललो तुमच्याशी."

नाना टुणकन उठले.

"गाळणी काढून? अरे, मग चोथा नळीच्या मुठीतल्या जाळीत बसलाय! चार दिवसांत वाळून दगड झाला असेल. ती मूठ जुनी आहे, पेच तुटेल म्हणून मी खोलत नव्हतो. धर घट्ट! आता सावकाश फिरव, कुस्ती खेळू नकोस!"

रायाप्पानं श्वास रोखून मूठ फिरवली. कुर्रर्र... सुटली! आत हिरवा-काळा लगदा गच्च बसला होता. नानांनी जाळी पाण्यात भिजवली, खराट्याच्या काडीनं हलके साफ केली, नळीतून स्वच्छ पाणी सोडलं आणि सुटलेला जोड आवळला. पंप पुन्हा भरला. खटका दाबला आणि फुस्सकन असा धुक्यासारखा फवारा उडाला की बांधावरची माणसं टाळ्या पिटू लागली!

मग रायाप्पा थांबलाच नाही. शेजारचा मळा झाला की त्याच्या पलीकडचा, आणि अक्काच्याच सांगण्यावरून तिचा सगळ्यात शेवटी. लोक घागरी घेऊन त्याच्या मागे धावत होते. वारं भरात आलं तेव्हा अक्काच्या टोकाच्या दोन सऱ्या तेवढ्या राहून गेल्या. त्या अळीनं खाल्ल्या त्या खाल्ल्याच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी रायाप्पानं आपल्या वावरातल्या दोन सऱ्यांची फुलं तोडली आणि अक्काच्या पाट्यांत आणून ओतली. अक्का नको नको म्हणत राहिली, पण त्यानं ऐकलं नाही.

तात्पर्य: झाकलेली चूक शंभर हातांना सापडत नाही, कबूल केलेली चूक निम्मी तिथंच दुरुस्त होते.