प्रधानाला एक वाक्य हवं होतं

"...मग या माणसानं उत्तर का द्यायचं नाही, मास्तर?"

त्र्यंबक सबनीसांनी भूमिकेची वही मांडीवर आपटली.

नाटक जुनं, चारशे वर्षांपूर्वीच्या इटलीतल्या एका दरबाराचं. मराठीत आणताना तालीम मास्तरांनी ड्यूकचा राजा केला होता आणि त्याच्या सल्लागाराचा प्रधान. राजाच्याच हुकमानं राजाचा भाऊ तुरुंगात मेलेला असतो आणि राजा खचून बसलेला असतो. म्हातारा प्रधान त्याला सांगतो, महाराज, त्या तुरुंगाचं आपण धान्याचं कोठार करू, किल्ल्या लोकांच्या हाती देऊ. मागे उभे असलेले दोन सरदार त्याच्या प्रत्येक वाक्याला हसतात.

सबनीस अठरा वर्षं या कंपनीत राजे करत आले होते. आवाज असा, की शेवटच्या रांगेतल्या माणसाची झोप मोडावी. यंदा पहिल्यांदाच म्हातारा वाट्याला आला, तोही चारचौघांनी ज्याला हसायचं असा. उद्या पहिला प्रयोग होता.

"एक वाक्य लिहून द्या. त्या दोघांची तोंडं बंद होतील असं. नाहीतर ही वही घ्या, मी गावी जातो."

मास्तर धमकीला भीक घालणाऱ्यातले नव्हते. पण सबनीसांना त्यांनीच घडवलं होतं, आणि ते जातील या विचारानं त्यांना खरंच वाईट वाटलं.

"प्रधान वेडा आहे का रे?"

"भोळा आहे. कोठार करतोय म्हणे... राजा भानावर आला की पहिला ह्यालाच आत टाकेल."

"टाकेलही."

"मग?"

मास्तर उठले आणि राजाच्या खुर्चीत जाऊन बसले.

"पेठे, गुरव, मागे उभे राहा. हसायचं तिथे हसा. त्र्यंबक, तू म्हण."

सबनीस रंगमंचाच्या पुढच्या कडेला आले. राजाकडे पाठ, रिकाम्या खुर्च्यांकडे तोंड.

"महाराज!"

छपरातली कबुतरं उडाली. मागे सरदार झालेले पेठे आणि गुरव हसले. सबनीसांनी आवाज आणखी चढवला.

मास्तर खोकले.

सबनीस थांबले, पुन्हा सुरुवात केली. मास्तर पुन्हा खोकले, या वेळी जास्त.

"मास्तर, तुम्ही माझं वाक्य खाताय," सबनीस वळून न बघता म्हणाले.

नटाला दुसऱ्याचं दुखणं आधी अभिनयच वाटतं. ही खोड सहजी जात नाही.

खोकला थांबेना. त्याची सुरुवात खोटी असेलही, मला सांगता यायचं नाही. पुढचा मात्र खरा होता.

सबनीस वळले. मास्तरांचा चेहरा काळवंडला होता आणि एक हात खुर्चीची कड चाचपत होता.

सबनीसांनी वही टाकली, कोपऱ्यातला तांब्या आणला आणि खुर्चीपुढे गुडघे टेकले. एक हात मास्तरांच्या पाठीवर ठेवला. मनातून ते फार घाबरले होते. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तोंडात दुसरं काही येईना.

"महाराज... भिऊ नका," ते हळू म्हणाले. "त्या तुरुंगाचं आपण कोठार करू."

खुर्चीच्या उंच पाठीमुळे पेठे आणि गुरव यांना पुढचं काही दिसत नव्हतं. वाक्य कानावर आलं, तसे ते हसले. नेमून दिलेलं काम त्यांनी चोख केलं.

"घोटभर घ्या... सावकाश. किल्ल्या लोकांच्या हाती देऊ."

ते दोघं पुन्हा हसले, आधीपेक्षा मोठ्यानं.

सबनीस पाठीवरून हात फिरवत राहिले.

"दरवाजा काढून टाकू, महाराज. आणखी एक घोट..."

हळूहळू मास्तरांचा श्वास जागेवर आला. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"बरं वाटतंय?" सबनीसांनी विचारलं. तांब्या अजून त्यांच्या हातातच होता.

मास्तरांनी खुर्चीच्या पाठीमागे अंगठा दाखवला.

"ते दोघं हसले, त्र्यंबक. उत्तर नाही दिलंस?"